भात सोडला, फोडणी नाही सोडली: लो-कार्बवर आपल्या आवडीचं कसं खायचं

लो-कार्ब, म्हणजे भात-पोळी-साखरेतली कर्बोदकं (कार्ब्स) कमी खाणं, सुरू केलं की पहिला आठवडा झक्कास जातो, मग एका सकाळी शेजारून कांदेपोह्यांचा वास येतो आणि खेळ खल्लास. माझं दोनदा असंच बारगळलंय. तिसऱ्यांदा जरा डोकं लावलं, की बाबा एखादा पदार्थ खावासा वाटतोय तर त्यातलं नेमकं काय खावंसं वाटतंय? पोह्यांना स्वतःची अशी चव ती किती, खरी मजा मोहरी-हिंग-कढीपत्त्याची, दाताखाली येणाऱ्या शेंगदाण्यांची, वरच्या लिंबाची आणि ओल्या खोबऱ्याची. हे सगळं लो-कार्बमध्ये चालतं, शेंगदाणे फक्त मूठभर, बचकभर नाही.

आता पोह्यांच्या आणि भाताच्या जागी काय, तर फ्लॉवर. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्स, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये 5 च्या आसपास. पण लोक एकदा करतात, नाक मुरडतात आणि सोडून देतात, कारण करायची पद्धत चुकते. मीसुद्धा पहिल्यांदा सवयीने कढईवर झाकण ठेवून दणदणीत वाफ काढली, घरभर उकडलेल्या फ्लॉवरचा वास आणि कढईत बाळाला भरवायचं खिमट. तर असं करा: फ्लॉवर धुऊन आधी पूर्ण कोरडा होऊ द्या, मग किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा (मिक्सरमध्ये पटकन लगदा होतो), किस फडक्यावर पसरून ठेवा. पसरट कढईत तूप किंवा तेल, फोडणी, कांदा अगदी थोडा, मग किस टाकून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता. झाकण नाही, पाण्याचा हबका नाही आणि मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पाणी सुटलंच म्हणून समजा. दाणा जरा कचकचीत असतानाच उतरवा. यावर पातळ वरण मात्र ओतू नका, सगळं वाहून जातं आणि डाळीचे कार्ब्स वेगळेच. अंड्याची करी, मटणाचा रस्सा, घट्टसर पालक यांच्याबरोबर छान लागतो.

भाकरीचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, ज्वारीची चालते ना, ती तर पौष्टिक! पौष्टिक आहे हो, पण 100 ग्रॅम पिठात 60 ते 70 ग्रॅम कार्ब्स गव्हातही आहेत, ज्वारीतही आणि नाचणीतही. पर्याय म्हणजे एक वाटी बदामाचं पीठ, एक टेबलस्पून इसबगोल, मीठ, आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत मळायचं. दहा मिनिटं झाकून ठेवायचं, इसबगोल फुगलं की गोळा धरून राहतो. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये थापा आणि मंद आचेवर भाजा, उलटताना घाई केलीत तर तुकडे होतील. बदामाचा भाव बघता हे रोजचं काम नाही. रोजच्याला मी कोबीचं थालीपीठ लावते: दोन वाट्या किसलेला कोबी, दोन चमचे बेसन, चमचाभर जवसाची पूड, तीळ, ओवा, हिरवी मिरची. बेसन दोनच चमचे बरं का, "मिळून येत नाहीये" म्हणत वाढवत गेलात तर थालीपीठ राहील, लो-कार्ब जाईल.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि भगर खाऊनही सुटका नाही. चतुर्थीला मी पनीर हाताने कुस्करते, तूप-जिरं-मिरचीवर दोनच मिनिटं परतते आणि वरून दाण्याचं कूट, लिंबू. साबुदाण्याचा चिवटपणा येत नाही, उगाच खोटं कशाला बोलू, पण डोळे मिटून पहिला घास घेतला तर वास अगदी खिचडीचा.

वडापावचं म्हणाल तर जीव अडकलेला असतो तो लसणाच्या सुक्या चटणीत, आणि सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट यात घाबरण्यासारखं काही नाही. बटाट्याऐवजी वाफवून पिळलेला फ्लॉवर आणि पनीर, तीच आलं-लसूण-मिरची, तीच हळद, बाहेरून बेसनाचं पातळ आवरण. पाव नाही. तळलेली मिरची दोन जास्त घ्या.

आणि हो, डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी एकदम बंद करू नका, औषध तेवढंच आणि कार्ब्स कमी झाले की साखर धाडकन खाली येऊ शकते.

गोडात पहिली फसवणूक गुळाची, कार्ब्सच्या हिशेबात तो साखरेचाच भाऊ. दुसरी "शुगर फ्री" लिहिलेल्या मिठाईची, पाठीमागे माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो एक गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, त्याने रक्तातली साखर वाढते. घरी श्रीखंड सोपं पडतं: दही रात्रभर टांगून चक्का, त्यात मिक्सरमधून बारीक केलेलं एरिथ्रिटॉल (हाही साखरेऐवजीचा गोड पदार्थ, तसंच घातलं तर कचकच लागतं), वेलची, केशर. तोंडाला किंचित गार लागेल, ते त्याचंच.

पुरणपोळीला पर्याय नाही. बदामाचं पीठ, भोपळ्याचं पुरण, सगळं करून बघितलं, एकदा तर पोळी तव्यावरच विरघळली. आता होळीला खरी अर्धी खाते, वर तुपाची धार सोडून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोबी किसायला बसते.