लोकलला चालतं, सर्व्हरवर ४०४: यूआरएल प्रीफिक्सच्या या चुका टाळा

आपल्या मशीनवर अ‍ॅप 'लोकलहोस्ट:८०००/' असं थेट मुळावर चालतं. प्रॉडक्शनमध्ये त्याच डोमेनवर आणखी तीन-चार अ‍ॅप्स नांदत असतात आणि आपल्या वाट्याला '/हिशेब/' एवढाच कोपरा येतो. पत्त्याच्या सुरुवातीचा हा तुकडा म्हणजेच प्रीफिक्स. मी पहिल्यांदा असं डिप्लॉय केलं तेव्हा पान पांढरंफटक. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एकच तक्रार: अनपेक्षित '<' चिन्ह. दोन तास जावास्क्रिप्टमधली चूक शोधली, पण ती तिथे नव्हतीच. ब्राउझरने '/असेट्स/' मधली फाइल मागितली होती, फाइल होती '/हिशेब/असेट्स/' मध्ये. मुळावर बसलेल्या दुसऱ्या अ‍ॅपने ४०४ ('सापडलं नाही') द्यायचं सोडून स्वतःचं मुख्य एचटीएमएल पान २०० च्या ('सगळं ठीक') थाटात हातात ठेवलं. तेव्हापासून '<' दिसला की मी कोडआधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडतो, कोणत्या पत्त्याला काय उत्तर आलं ते तिथे दिसतं.

याचं मूळ साधं आहे. स्लॅशने सुरू होणारा पत्ता डोमेनच्या मुळापासून मोजला जातो. आपलं अ‍ॅप कुठल्या कोपऱ्यात आहे, याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये '/लॉगिन' असं हाताने लिहू नका. जँगो आणि फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कपैकी जँगोमध्ये 'रिव्हर्स', फ्लास्कमध्ये 'यूआरएल फॉर' आहे, त्यांच्याकडून पत्ता बनवून घ्या. जँगोच्या सेटिंग्जमध्येही हा सापळा आहे. स्टॅटिक यूआरएल (चित्रं, स्टाइलशीट अशा फाइलींचा पत्ता) पुढच्या स्लॅशशिवाय लिहिला तर ३.१ आवृत्तीपासून त्याला प्रीफिक्स आपोआप लागतो. पुढे स्लॅश दिलात तर लागत नाही. एका स्लॅशने एवढा फरक!

पण सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक वेगळीच आहे: प्रीफिक्स काढायचा कोणी, हे न ठरवणं. रिव्हर्स प्रॉक्सीने (अ‍ॅप्सच्या पुढे उभं राहून रिक्वेस्ट वाटणाऱ्या सर्व्हरने) '/हिशेब' कापून बॅकएंडला, म्हणजे मागच्या अ‍ॅपला, नुसतं '/यादी' द्यायचं, की पूर्ण पत्ता जसाच्या तसा पुढे पाठवायचा? दोन्ही चालतं, फक्त दुसऱ्यात प्रीफिक्स हाताळणं हे अ‍ॅपचं काम. प्रॉक्सी आणि अ‍ॅप दोघांनीही कापलं किंवा कोणीच हाताळलं नाही, की ४०४ ठरलेला. दोघांनीही जोडलं तर '/हिशेब/हिशेब/यादी' असं रूप दिसतं. ते दिसलं की कोड नव्हे, कॉन्फिग उघडा. इंजिनएक्स या प्रॉक्सी सर्व्हरमध्ये हा निर्णय एका अक्षरावर लटकलेला असतो. 'लोकेशन /हिशेब/' च्या आत 'प्रॉक्सी पास'चा पत्ता पोर्टवरच संपला तर पूर्ण पाथ पुढे जातो. त्याच पत्त्याच्या शेवटी स्लॅश आला तर '/हिशेब/' च्या जागी तो स्लॅश बसतो, म्हणजे प्रीफिक्स कापला जातो. कॉन्फिग 'नीटनेटकं' करताना हा स्लॅश उडवणारे सहकारी मी पाहिलेत. (एकदा तो सहकारी मीच होतो.)

प्रॉक्सीने कापलं, तर अ‍ॅपला तसं सांगावंही लागतं, नाहीतर ते लिंका बनवताना प्रीफिक्स विसरतं. जँगोत 'फोर्स स्क्रिप्ट नेम', फास्टएपीआय या आणखी एका पायथन फ्रेमवर्कमध्ये 'रूट पाथ', फ्लास्कमध्ये 'प्रॉक्सीफिक्स' आणि फॉरवर्डेड-प्रीफिक्स हेडर. फ्लास्कचं 'अ‍ॅप्लिकेशन रूट' नावावरून इथे कामाचं वाटतं, पण रिक्वेस्ट चालू असताना पत्ते बनवण्यात त्याचा हात नसतो. माझा कल कापण्याकडे नाही. पूर्ण पाथ बॅकएंडपर्यंत जाऊ दिला की दोन्हीकडच्या लॉगमध्ये एकच पत्ता दिसतो आणि रात्री अकरा वाजता डोकं कमी चालवावं लागतं.

फ्रंटएंडला प्रीफिक्स दोन ठिकाणी कळवावा लागतो: व्हीट या बिल्ड टूलमध्ये 'बेस' आणि रिअ‍ॅक्ट राउटरमध्ये (पत्त्यानुसार पान दाखवणाऱ्या लायब्ररीत) 'बेसनेम'. पहिला फाइलींसाठी, दुसरा पानांसाठी. पहिला विसरला तर फाइली सापडत नाहीत, दुसरा विसरला तर राउटरला पत्ता ओळखता येत नाही आणि लिंका प्रीफिक्सशिवाय बनतात. 'बेस' बिल्ड करतानाच फाइलींत कोरला जातो, त्यामुळे सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून रिस्टार्ट करणं व्यर्थ. पुन्हा बिल्ड करा. व्हीटच्या डेव्ह सर्व्हरमधली प्रॉक्सीही प्रॉडक्शनला सोबत जात नाही. तिथला पत्ता बदलण्याचा (रीराइट) नियम इंजिनएक्समध्ये वेगळा लिहावा लागतो.

एपीआयचा पत्ता जोडतानाही शेवटचा स्लॅश बघा. आधार '/हिशेब' असेल आणि त्यावर 'यादी' सोडवलं तर मिळतं '/यादी', कारण स्लॅश नसलेला शेवटचा तुकडा बदलला जातो. '/हिशेब/' असेल तरच '/हिशेब/यादी'.

कुकीचं दुखणं उशिरा कळतं. एकाच डोमेनवरच्या दोन जँगो अ‍ॅप्सच्या सेशन कुकीचं (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीचं) नाव आणि पाथ मूळचाच ठेवला, तर एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर. नाव वेगळं द्या किंवा दोन्ही अ‍ॅप्सच्या कुकीचा पाथ आपापल्या प्रीफिक्सपुरता ठेवा. हे लोकललाही घडतं, कारण कुकी पोर्ट बघत नाही. ३००० आणि ८००० तिच्यासाठी एकच घर.

या सगळ्यावर माझा एकच आग्रह: प्रीफिक्स एका सेटिंगमध्ये ठेवा, आणि डेव्हलपमेंटमध्येही तो रिकामा ठेवू नका. लोकललाही '/हिशेब/' खालीच चालवा. पहिले दोन दिवस टायपिंगचा वैताग येतो, पण हाताने लिहिलेला प्रत्येक '/लॉगिन' तिथल्या तिथे फुटतो.

आणि सगळं दुरुस्त करूनही जुन्याच चुकीच्या पत्त्यावर उडी जात असेल तर कोडला हात लावू नका. आधीचा रीडायरेक्ट ३०१ (कायमचा) असेल तर ब्राउझरने तो लक्षात ठेवलेला असतो. खासगी विंडो उघडून बघा, आणि प्रीफिक्स पक्का होईपर्यंत ३०२ (तात्पुरता) च वापरा.