गावात राखण गट चालवायचाय? मग जेसीबी यायच्या आधी ही कामं करा

गोव्यातल्या कुठल्याही गावात बघा, डोंगराला जेसीबी लागला की दोन दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुप उभा राहतो, नाव 'अमुक गाव बचाव', शे-दीडशे माणसं जोडली जातात, फोटो पडतात, कोणीतरी पत्रकाराला फोन लावतं, आणि तोवर अर्धा डोंगर गेलेला असतो. लोकांची तळमळ खरी असते, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण अशा वेळी हातात कागद नसतो, सर्व्हे नंबर माहीत नसतो, आधीचा फोटो नसतो, मग अधिकारी विचारतो की इथे व्हाळ (ओढा) होता कशावरून, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून रहिवाशांचा गट म्हणा, पर्यावरण मंडळ म्हणा, त्याचं खरं काम गाव शांत असतानाचं आहे. ते कसं करायचं तेवढंच इथे लिहितोय.

आधी माणसं. पाच मित्र एकत्र आले आणि गट झाला असं करू नका. प्रत्येक वाड्यावरचं एक तरी माणूस हवं, शेत कसणारं कुळ हवं, नदीत जाळं टाकणारा हवा, सेल्फ हेल्प ग्रुपमधल्या दोन बायका तरी हव्यातच कारण विहिरीचं पाणी कधी खाली गेलं हे त्यांना सगळ्यात आधी कळतं, देवळाच्या महाजनांपैकी कोणीतरी आणि एखादा रिटायर मास्तर किंवा क्लार्क ज्याला सरकारी पत्र वाचायची सवय आहे. गावात घर घेऊन राहिलेली नवीन माणसंही घ्या. ती बाहेरची म्हणून बाजूला ठेवली तर गावाचंच नुकसान, त्यांच्यातल्या कित्येकांना कायदा, नकाशे, कॉम्प्युटर चांगलं येतं. फक्त बोलताना पुढे गावकरी असू द्या. चालू पंच किंवा पुढच्या इलेक्शनला उभा राहणार असलेला माणूस गटाचा पदाधिकारी नको, सभासद असला तर चालेल. ह्या एका गोष्टीवरून चांगले गट फुटतात.

रजिस्ट्रेशन पहिल्या दिवशी लागत नाही. पैसे गोळा व्हायला लागले किंवा कोर्टात जायची वेळ आली की सोसायटी रजिस्टर करा, सात माणसं पुरतात. तोवर एक वही, एक ईमेल आणि कागद स्कॅन करून ठेवणारा एक माणूस एवढं बस झालं.

आता पहिलं मोठं काम, गावाची फेरी. मे महिन्यात करा, कारण तेव्हा बारमाही पाणी कुठलं आणि नुसतं पावसाळी कुठलं हे स्पष्ट दिसतं. बरोबर फॉर्म एक-चौदाचे उतारे (आपल्याकडचा सातबारासारखा जमिनीचा कागद), सर्व्हे प्लॅन आणि रिजनल प्लॅनमधला, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते रंगांनी दाखवणाऱ्या सरकारी आराखड्यातला, आपल्या गावाचा नकाशा घ्या आणि गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून न्या. त्यांना नकाशा दाखवू नका, जागा दाखवा. "आजोबा, हा व्हाळ पूर्वी कुठून जायचा?" एवढं विचारलं की पुरे, मग ते सांगतात की इथे बांध होता, तिथे झर होती, त्या वडाखाली गुरं पाणी प्यायची, आणि आपण सर्व्हे नंबर लिहीत जायचं. प्रत्येक विहीर, तळी, झर, व्हाळ, पोय (मानशीजवळचं तळं), मानस (बांधातला पाण्याचा दरवाजा), देवराई, सड्यावरची म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरची पाणी साठायची जागा, सगळ्याचे तारीख आणि लोकेशनसकट फोटो. मग ऑगस्टमध्ये त्याच जागी उभं राहून तेच फोटो परत. हे दोन फोटो शेजारी ठेवले की त्या शेतात पाणी भरतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि पुढे कोणी भराव घालून म्हणाला की ही जमीन कायम कोरडीच होती तर त्याला उत्तर तयार असतं.

जंगलाची नोंद चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या मांडवाला, बांधायला माट्टीची फळं, कांगलां, घागऱ्या, कवंडळ हे सगळं कोण कुठून आणतं ते घराघरात विचारा. कुठली वस्तू आता मिळत नाही आणि बाजारातून आणावी लागते हेही विचारा, आणि शाळेतल्या मुलांना हे काम द्या. ते फार मनापासून करतात. एका सणात गावच्या रानाची यादी तयार होते, आणि ती कुणा बाहेरच्या तज्ज्ञाची नाही तर गावची असते. सत्तरीत नानोड्याजवळ निरंकाराची राय आहे, दलदलीतलं जायफळाच्या कुळातल्या झाडांचं दुर्मिळ जंगल, ते आजपर्यंत टिकलं ते देवाच्या नावाने राखलं म्हणून. अशा जागा तुमच्याही गावात असतील, लहान असतील, एका देवचाराच्या (गावच्या राखणदाराच्या) नावाची चार झाडं असतील, त्याही लिहा.

ही यादी नुसती वहीत ठेवू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांचं जैवविविधता रजिस्टर करायचं असतं. बऱ्याच ठिकाणी समिती असते पण गावाला ती कोण आहे हे माहीत नसतं. सचिवांकडे जा, नावं मागा, रजिस्टरची प्रत बघा, तुमची माहिती त्यात घालायला लावा. सरकारी कागदात आलेली झर आणि तुमच्या फोनमधली झर ह्यात फार फरक आहे.

खाजन असलेल्या गावांसाठी जरा जास्त लिहितो कारण तिथे गटाची गरज सगळ्यात जास्त आणि तिथेच गट कमी पोचतात. तिसवाडी, बार्देस, पेडण्यात नदीकाठी ही जमीन आहे, खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली. सगळा खेळ मानशीवर असतो. मानशीच्या लाकडी झडपा भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, सुकतीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. जवळ जाऊन बघा, झडपेचं लाकूड कुजलंय का, खाली फट पडलीय का, बांधात खेकड्यांनी बिळं केलीत का. बीळ हाताएवढं असतं तेव्हा चिखलाच्या चार पाट्यांनी बुजतं, पावसाळ्यात तिथेच भगदाड पडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि मीठ धुवून जायला पुढचे पावसाळे जावे लागतात. ह्या बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आहे, १९७५ च्या नियमांप्रमाणे, आणि मामलेदार त्यावर बघतो. मानशीवर मासे धरायचा लिलाव होतो, त्याचे पैसे बांधावर लागायला हवेत. अडचण अशी की लिलाव घेणाऱ्याला मासे हवेत, म्हणजे खारं पाणी आत आलेलं त्याला चालतं, आणि शेत पडीक असलं की कोणी ओरडत पण नाही. मग दोन-चार वर्षं पडीक राहिलेल्या शेतात कांदळ (खारफुटी) उगवतं, शेत परत करणं कठीण होतं आणि मग कोणीतरी विकत घ्यायला येतो.

इथे गटाने काय करायचं? कुळ संघटनेच्या सर्वसाधारण सभेला जा, सभासद असलेल्या माणसांना घेऊन जा, हिशेब विचारा, लिलावाच्या करारात झडप कधी बंद ठेवायची ते लिहायला लावा. आणि हे भांडण म्हणून नको, कारण लिलाव घेणाराही गावचाच असतो, त्याचंही पोट आहे. सगळ्यात परिणाम होतो तो शेत परत लावल्याने. गटाने दहा घरांना तयार करून एक तुकडा कोरगूट लावला, हे खाऱ्या जमिनीला सोसणारं आपलं जुनं भात, तर बांधाकडे लक्ष द्यायला दहा घरं आपोआप मिळतात.

आता ग्रामसभा. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार नेहमीच्या ग्रामसभा रविवारी होतात, त्याशिवाय खास सभा असतात. लोक समजतात की ग्रामसभेत जोरात बोललं की काम झालं. काम आधीच्या आठ दिवसांत होतं. विषय लेखी द्या, सचिवांकडून शिक्का मारून प्रत घ्या, पंचांना घरी जाऊन भेटा, सरपंचांनाही, विरोधक असले तरी, आणि वाड्यावाड्यात सांगा की कोण बोलणार. एका विषयावर एकाच माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी बसून पाठिंबा द्यायचा. दहा जण उठले की सभा गोंधळात जाते आणि गोंधळात तहकूब झालेली सभा नेहमी दुसऱ्या बाजूला फायद्याची असते.

ठराव घरून लिहून न्या. 'गावचं पर्यावरण राखावं' असा ठराव एकमताने पास होतो आणि त्याचं पुढे काहीच होत नाही. असं लिहा: 'सर्व्हे क्रमांक अमुक मधली तळी पाणथळ म्हणून नोंद व्हावी ह्यासाठी पंचायतीने राज्य पाणथळ प्राधिकरणाला ३० दिवसांत पत्र लिहावं आणि त्या पत्राची प्रत पुढच्या ग्रामसभेत ठेवावी.' ह्यात जागा आहे, मुदत आहे, कोणी काय करायचं ते आहे. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं, गोव्यातलं पहिलं, म्हणजे तळ्याला एवढी किंमत मिळू शकते हेही सभेत सांगा. सभा संपली की इतिवृत्ताची प्रत मागा, आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करतात तेव्हा कान उघडे ठेवा, कारण चुकीचं लिहिलेलं तिथेच सुधारता येतं. ठराव झाला म्हणून खातं आपोआप हलत नाही, तो जोडून तुम्हालाच पत्रं पाठवावी लागतात. पण ठराव नसलेलं पत्र एका माणसाचं असतं आणि ठराव जोडलेलं गावाचं.

परवानग्यांची माहिती नेहमी आरटीआयने घ्या, तोंडी नको. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पंचायतीत माहिती अधिकारी सचिव असतात, अपील गटविकास अधिकाऱ्याकडे. एखाद्या बांधकामाबद्दल तीनच गोष्टी आधी मागा: जमिनीच्या रूपांतराची सनद, टीसीपीची (नगरनियोजन खात्याची) परवानगी नकाशासकट, आणि पंचायतीचं लायसन्स. बहुतेक गोष्ट तिथेच कळते. कधी असंही कळतं की सगळं कायदेशीर आहे, तेव्हा ते गावाला प्रामाणिकपणे सांगा. जो गट प्रत्येक घराला विरोध करतो त्याचं पुढे कोणी ऐकत नाही.

डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं ह्याला टीसीपी कायद्याचं कलम १७अ लागतं, परवानगीशिवाय करता येत नाही. तक्रार एकाच वेळी टीसीपीच्या तालुका ऑफिसला, उपजिल्हाधिकाऱ्यांना, मामलेदाराला आणि पंचायतीला, त्याच दिवशी, सर्व्हे नंबर आणि फोटोंसकट. पंचायत हलली नाही तर पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे. झाडं तोडत असतील तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याला कळवा. माड ह्या कायद्याच्या व्याख्येतून २०१६ मध्ये काढला होता, लोक गप्प बसले नाहीत, २०१७ मध्ये तो परत आला. जेसीबीसमोर आडवं पडणं, ड्रायव्हरशी मारामारी, हे अजिबात नको. ड्रायव्हर रोजंदारीवरचा माणूस असतो आणि केस मात्र तुमच्या पोरांवर होते.

मोठा प्रोजेक्ट आला तर जनसुनावणी असते. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे निदान ३० दिवस आधी नोटीस पेपरात यायला हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो मराठीत किंवा कोकणीत मागून घ्या आणि वाड्यावर मोठ्याने वाचा. सुनावणीला कोरम लागत नाही, म्हणजे कोणी गेलं नाही तरी ती झाली असं धरतात, त्यामुळे बहिष्कार घालताना दहादा विचार करा. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, तोपर्यंत थांबा, तुमचा मुद्दा आला का बघा, आणि लेखी निवेदनाची पोच घ्या.

हरित लवादाकडे जायचं असेल तर घटना घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा, गोव्याचं खंडपीठ पुण्याला आहे. कोर्ट हा गावाच्या तयारीनंतरचा टप्पा आहे. गोवा बचाव अभियान ह्या लोकचळवळीने 'रिजनल प्लॅन २०११', म्हणजे २०११ सालापर्यंतचा आराखडा, २००७ च्या सुरुवातीला रद्द करायला लावला तेव्हा लोकांनी नकाशे समोर ठेवून आपलं गाव कुठल्या रंगात रंगवलंय ते बघितलं होतं. सत्तरीतल्या मेळावलीच्या लोकांनी आयआयटीसाठी आपली जमीन द्यायची नाही म्हटलं, २०२१ च्या जानेवारीत सरकारला ती जागा सोडावी लागली, तिथे बायका सगळ्यात पुढे होत्या.

पैशांचा हिशेब दर तीन महिन्यांनी वाड्यावर वाचून दाखवा, रक्कम कितीही छोटी असो. कुठल्याही बिल्डरकडून, कुठल्याही पक्षाकडून देणगी नको, शिगम्याच्या स्टेजचं निमित्त असलं तरी नको. आणि व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप ठेवा, एक गप्पांचा आणि एक फक्त फोटो, सर्व्हे नंबर, तारीख ह्यांचा, त्यात दुसरं काही टाकायचं नाही.

एक शेवटचं. भराव आणि कटाई बहुतेक वेळा लागून आलेल्या सुट्ट्यांत होते, ऑफिसं बंद असतात तेव्हा. चवथ, दिवाळी, नाताळ ह्या दिवसांची पाळी आधीच वाटून घ्या, कोणता वाडा कोणाकडे, कोण कोणाला फोन करणार, आणि तालुक्याच्या भरारी पथकाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.