किराण्याच्या फ्री व्हाऊचरच्या लिंकवर या चुका टाळा

पोळा-गणपती जवळ आले की गावातल्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतेच, "अमुक मार्टचा वर्धापनदिन, 5000 चं किराणा व्हाऊचर फ्री, फक्त आजच". 2021 मध्ये डी-मार्टच्या नावानं 20व्या वर्धापनदिनाचं गिफ्ट म्हणून अशीच खोटी लिंक देशभर फिरली होती. नाव दरवेळी बदलते, खेळ तोच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेसेज कोणी पाठवला ते पाहून भरवसा ठेवणं. बचत गटाच्या ग्रुपवर ताईनं टाकलं म्हणजे खरंच असेल असं वाटते, पण ताईलाही कोणीतरी पाठवलेलंच असते आणि पुढं पाठवायला त्या लिंकनंच लावलेलं असते. आत काय असते ते सांगतो. आधी दोन-चार सोपे प्रश्न, मग गिफ्टचे डबे, पहिला उघडला की रिकामा, दुसराही रिकामा, अन् तिसऱ्यात नेमके 5000! वर घड्याळ उलटं चालू, म्हणजे माणसाला विचार करायला वेळच नको. खाली कमेंट, "मले भेटलं, धन्यवाद", पण त्या कमेंट पानातच छापून ठेवलेल्या असतात, कोणाला उत्तर द्यायला गेलं तर देताच येत नाही. मग म्हणते 20 जणांना पाठवा, हिरवी पट्टी भरली की व्हाऊचर येईल. पट्टी भरते, व्हाऊचर येत नाही, अन् तोवर तुमच्या नावानं ते 20 घरी पोचलेलं असते.

दुसरी चूक, लिंकमध्ये ओळखीचं नाव दिसलं की बाकीचं न वाचणं. पत्त्यात दुकानाचं नाव कुठंही घुसवता येते. खरा मालक पाहायचा असेल तर सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे पाहा, तिथं शेवटचे दोन-तीन शब्द काय आहेत ते महत्त्वाचं. तिथं दुकानाचं नाव नसून भलतंच काही "विन", "गिफ्ट", "टॉप" असं असेल तर लिंक उघडूच नका. अन् हेही विचारा स्वतःला, की ज्याचं दुकान आपल्या तालुक्यातच नाही त्याचं व्हाऊचर आपल्याला काहून मिळून राहिलं?

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट घरात सगळ्यांना पाठ करून द्या, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याच खात्यातून जाणार. "डिलिव्हरीचे फक्त 49 रुपये भरा" म्हणत कधी कधी ऑटोपेची परवानगी घेतात, मग दर महिन्याला कटत राहते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, अनोळखी काही दिसलं तर तिथंच बंद करा. कापसाचा चुकारा, पीएम किसानचे 2000, सगळं त्याच एका खात्यात येते आपलं, म्हणून जीव तुटते.

एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअर सोडून बाहेरून येणारं ॲप, ते तर फोनमध्ये अजिबात टाकू नका, "व्हाऊचर ॲप" म्हणून येते अन् मेसेज वाचायची परवानगी मागते, मग ओटीपी तुमच्या आधी त्या ठगाला दिसते. कंट्रोलच्या धान्याच्या नावानंही हेच चालू शकते. 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा 100 रुपयात मिळाला तो रेशन दुकानातूनच, रवा, चणाडाळ, साखर अन् तेल. त्यासाठी कोणाला लिंक भरावी लागली नाही. राशनचं काहीही असो, आधी दुकानदाराला जाऊन विचारा.

क्लिक झालंच असेल तर? नुसती लिंक उघडून काही भरलं नसेल तर पान बंद करा, घाबरू नका. फाईल टाकली असेल तर आधी नेट बंद, ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा अन् पासवर्ड, पिन बदला. कॉल भलतीकडे वळवलेले असतील तर ##002# डायल केलं की ते बंद होतात. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइस पाहा, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठं चालू आहे ते, अनोळखी असेल तर लॉग आऊट, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (व्हॉट्सॲपचा वेगळा पिन) चालू करा.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, लाजत बसू नका, "घरचे काय म्हणतील" यातच वेळ जाते अन् तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघून जातात. सोबत बँकेलाही कळवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार चूक आपली असली तरी, कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या अंगावर, आपल्या नाही. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वरही टाकता येते, जमत नसेल तर पोलीस स्टेशनला जा, जाताना मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, डिलीट करू नका.

अन् ज्या ग्रुपवर तुमच्याकडून ती लिंक गेली तिथं त्याच दिवशी लिहा, "मी पाठवलेली लिंक खोटी आहे, कोणी उघडू नका", आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही त्यांच्या घरी जाऊन सांगा.