शाळेचा लॅपटॉप आणि संध्याकाळी संपणारा डेटा

शाळेच्या योजनेतून मुलीला लॅपटॉप मिळाला, परंतु घरी ब्रॉडबँड नसल्यामुळे तो माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच चालवावा लागत होता. नेमक्या गृहपाठ अपलोड करण्याच्या वेळी दिवसाचा डेटा संपलेला असे आणि मी, खोटे कशाला सांगू, व्हिडिओ पाहिल्याचा आळ तिच्यावर घेऊन मोकळा होत असे.

अखेर एकदा लॅपटॉपच्या सेटिंग्जमधील डेटा वापराचा तक्ता उघडला, तेव्हा सर्वांत वर ब्राउझर नव्हताच. तेथे ‘सिस्टम’ आणि फाइली क्लाउडवर चढवणारे ॲप होते. विंडोज हॉटस्पॉटलाही साधे वाय-फाय समजून अपडेट उतरवत बसले होते. त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे या जोडणीवर डेटा मर्यादित आहे असे लॅपटॉपला सांगणारे बटण, चालू केले. बाकीची बहुतेक सेटिंग्ज शाळेने बंद ठेवलेली असली तरी हे बटण सुदैवाने खुले होते. त्यानंतर बहुतेक अपडेट थांबले, फाइलींचे सिंक विराम घेऊ लागले आणि मोठी अपडेट मुलगी शाळेच्या वाय-फायवरच उरकू लागली.

आतल्या खोलीत जोडणी तुटण्याचे दुखणे मात्र वेगळे होते. हॉटस्पॉटचा बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, ५ गिगाहर्ट्झवरून २.४ गिगाहर्ट्झवर आणताच तेही थांबले, कारण हा बँड वेगाने कमी असला तरी भिंतींपलीकडे अधिक चांगला पोहोचतो.

मुलीची मी माफी मागितली. ती देण्यापूर्वी तिने माझ्या मोबाइलचा डेटा वापर तपासून घेतला.