गोळी घ्यायची तर बेळगावची वाट बघू नका

खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी जणी संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची तातडीची गोळी गावातल्या मेडिकलमध्ये मागत नाहीत; दुकानदार सासऱ्यांच्या ओळखीचा असतो ना! मग बेळगावला जायचं निमित्त शोधण्यात दोन दिवस जातात आणि तेच महागात पडतं. लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत. तरी पहिल्या दिवशी घेतलेली तिसऱ्या दिवसापेक्षा जास्त भरवशाची. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. आशाताईंनाही विचारून बघा.

दुकानदार घाईघाईनं कागदात गुंडाळून देतो. पाकिटावरची एक्स्पायरी तिथंच बघा. गोळीनंतर दोन तासांत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा असर कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना गाठा. संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी याहून खात्रीची.

आणि ही 'पाडायची' गोळी नव्हे. राहिलेला गर्भ हिनं जात नाही. पुढच्या संबंधांनाही ती पुरत नाही. पाळी थोडी मागंपुढं होते. आठवड्याहून जास्त लांबली, तर लघवीची तपासणी करा.