पावसाची बाटली: पाचवीच्या वर्गाने रोज पाऊस कसा मोजायचा

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. दुष्काळी पट्टा आहे. वर्गातल्या बहुतेक घरांची बाजरी, मटकी, हुलगा पावसावर आणि रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर. टँकर काय असतो हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. त्यामुळे दशांश अपूर्णांक, मापन आणि चित्रालेख हे पाचवीच्या गणितातले तिन्ही भाग मी जूनमध्येच पावसाला जोडते आणि ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही. रोज परिपाठाची दहा मिनिटं आणि आठवड्याला गणिताचा एक तास एवढा वेळ काढला की पुरतं. खर्च जवळजवळ काही नाही.

सुरुवात दोन लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीने करा. मधे कंबर असलेली नको, सरळ उभ्या अंगाची बघून घ्या. वरचा निमुळता भाग जिथे संपतो तिथे कापा, झाकण काढून टाका आणि तो भाग उलटा करून बाटलीतच बसवा. झालं नरसाळं. त्याने आतलं पाणी वाफ होऊन कमी उडतं आणि पालापाचोळाही फारसा पडत नाही. कापण्याचं काम शिक्षकाने करावं. कडेला चिकटपट्टी लावायला विसरू नका, कापलेलं प्लॅस्टिक बोटं चिरतं. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून खाली वाळू-खडे भरा, खडे बुडून वर थोडं येईल इतकं पाणी ओता आणि त्या पाण्याच्या पातळीला बाहेरून शून्याची रेघ मारा. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून वरून पारदर्शक टेप लावा. कोरड्या दिवसांत शून्याखालचं पाणी आटतं. रोजचं माप घेतल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणणं हे त्या दिवसाच्या मुलांचं काम.

जागा निवडताना मुलांना सोबत घ्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट तरी लांब बाटली हवी. झाडाची उंची कशी मोजणार, हा प्रश्न मुलं लगेच विचारतात. काठीची आणि झाडाची सावली मोजून त्याच दिवशी तो तास होऊन जातो. बाटलीचं तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर ठेवा. हवामान खात्याचं साधं पर्जन्यमापकही तेवढ्याच उंचीवर असतं. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्याने थेंब तोंडावरून निघून जातात. चार विटांच्या मधे घट्ट बसवा आणि भोवती काट्यांचं बुटकं कुंपण करा. शेळ्या सगळीकडे तोंड घालतात, आणि मधल्या सुट्टीतला चेंडू तर हमखास तिकडेच जातो.

माप कधी घ्यायचं? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आमची शाळा साडेदहाची, पण शाळेला लागून असलेल्या वस्तीवरची मुलं साडेआठला येऊन माप घेऊन जातात. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर परिपाठाची वेळ धरा. एकच वेळ रोज पाळली पाहिजे, एवढंच महत्त्वाचं. पण साडेआठ जमलं तर बघाच, कारण मग तुमचा आकडा महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या सरकारी गटाच्या, आकड्याशेजारी ठेवता येतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

रोज चौघांची पाळी लावा, हजेरीच्या क्रमाने. पहिला मापतो, दुसरी साक्षीदार, तिसरा नोंद लिहितो, चौथी परिपाठात वाचून दाखवते. माप घेताना बाटली उचलायची नाही. गुडघे टेकून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि पाण्याच्या वक्र कडेचा खालचा भाग वाचायचा. मापणारा आणि साक्षीदार दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, एकमेकांना न दाखवता. मग चिठ्ठ्या उघडायच्या. आकडे वेगळे निघाले तर दोघांनी पुन्हा गुडघे टेकायचे. कोण हुशार, कोण कच्चा हे इथे चालत नाही. वाचनात मागे असलेली मुलं डोळ्याने फार अचूक मापतात, आणि वर्गाला ते पहिल्यांदा इथे दिसतं. अशा मुलांना वाचून दाखवायची पाळीही चुकवू देऊ नका. "आज सकाळी साडेआठपर्यंत आपल्या शाळेत 6 मिलिमीटर पाऊस पडला" हे एक वाक्य आहे, ते आपण स्वतः मापलेलं आहे, म्हणून ते ठणठणीत आवाजात वाचलं जातं.

शून्य आणि रेघ

या उपक्रमात मला सगळ्यात जास्त जपावीशी वाटते ती ही गोष्ट. पाऊस पडला नाही तर तक्त्यावर 0 लिहायचा. माप घेतलंच नाही तर आडवी रेघ मारायची. मुलांना दोन्ही सारखंच वाटतं: "मॅडम, काहीच नाही ना, मग सोडून देऊ." तिथे थांबा आणि विचारा: पुढच्या वर्षी कुणी हा तक्ता बघितला तर रिकाम्या चौकोनावरून त्याला काय कळेल? पाऊस नव्हता, की मापणारा आजारी होता? मुलांना उत्तर स्वतःचं स्वतः सापडतं. शून्य म्हणजे मी गेलो, बघितलं आणि पाणी नव्हतं.

जुलैच्या शेवटी आमच्याकडे ओळीने शून्य येतात. मुलं कंटाळतात, कुणाला दोन मिलिमीटर जास्तीचे लिहावेसे वाटतात, कुणी बाटलीत गंमत म्हणून पाणीही ओततं. रागावून काही होत नाही. त्या दिवशी रब्बीचं, विहिरीचं, पीक विम्याचं बोलायचं. घरचे लोक या आकड्यावर काय काय ठरवू शकतात, हे मुलांनाच सांगायला लावायचं. आपण चुकीचा आकडा लिहिला तर कुणाचं नुकसान होईल, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण समजतो.

सोमवारचा घोळ मात्र आधीच मिटवून ठेवा. रविवारी कुणी मापलं नसेल तर सोमवारी बाटलीत दोन दिवसांचा पाऊस असतो. तो सोमवारच्या चौकोनात टाकून मोकळं व्हायचं नाही. रविवारच्या चौकोनात रेघ मारा, सोमवारी आकडा लिहा आणि दोन्ही चौकोन कंसाने जोडा. बेरीज बरोबर राहते आणि नोंदही खरी राहते.

दशांश हातात येतो तो असा

जुलैत मुलांचा हात बसला की दुसरं साधन करा. तोंडाचा व्यास 11.3 सेंटिमीटर असलेलं नरसाळं शोधा. तेल-डिझेल ओतायला वापरतात त्यात या मापाच्या आसपासचं मिळतं. पट्टी घेऊनच दुकानात जा. वर्गात ते चौकटीच्या कागदावर उपडं ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि एक सेंटिमीटरचे चौकोन मोजायचे. अर्ध्याहून मोठा तुकडा पूर्ण धरायचा, लहान सोडायचा. मोजणी शंभराच्या जवळपास येते. शंभर चौरस सेंटिमीटरवर एक मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे 10 मिलिलिटर.

आता हे नरसाळं एका लिटरच्या बाटलीवर बसवा. जमलेलं पाणी सुई नसलेल्या 10 मिलिलिटरच्या इंजेक्शनच्या पिचकारीने मोजा. पिचकारी औषधाच्या दुकानातून नवी घ्या, वापरलेली नको. 37 मिलिलिटर निघालं तर पाऊस 3.7 मिलिमीटर. 8 मिलिलिटर निघालं तर 0.8. दशांश चिन्हाच्या डावीकडे भरलेल्या पिचकाऱ्या, उजवीकडे उरलेलं पाणी. हे हाताने केलेल्या मुलाला 0.8 आणि 0.08 मधला फरक समजावून सांगावा लागत नाही. तो म्हणतो, "मॅडम, 0.08 ला तर पिचकारीत एक मिलिलिटरही भरणार नाही."

लिटरची बाटली 100 मिलिमीटर पावसाला पुरते. आमच्याकडे तेवढं पुरेसं आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर शिकवत असाल तर पाच लिटरचा कॅन लावा.

एक मिलिमीटर म्हणजे नक्की किती, हे मैदानात दाखवा. एक मीटर बाजूचा चौकोन आखा आणि त्यात एक लिटर पाणी झारीने सगळीकडे सारखं शिंपडा. तेवढाच एक मिलिमीटर पाऊस. मग वर्गाचं छत घ्या. 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद पत्रा म्हणजे 48 चौरस मीटर. त्यावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर 960 लिटर, जवळजवळ पाच बॅरल. एकराचं गणित तर आमच्या मुलांना फारच लागतं. एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. त्यावर अडीच मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. हवामान खातंही 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच त्याला पावसाळी दिवस म्हणतं. टँकरचा हिशेब केलेली मुलं तो आकडा विसरत नाहीत.

भिंतीवरच्या रेघा

वर्गाबाहेरच्या भिंतीवर जमिनीपासून खडूने रेघा मारा. आमच्या तालुक्याचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास धरून पहिली रेघ अर्ध्या मीटरवर. दुसरी 94 सेंटिमीटरवर: 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रेघेशेजारी पाचवीतलं मूल उभं केलं तर ती त्याच्या छातीशी येते. मुलांना हेही सांगा की पुराचं पाणी किती चढलं ते वेगळं. हा आभाळातून पडलेला पाऊस, वाहून न जाता जागच्या जागी साठला असता तर किती उंच झाला असता, त्याची ही रेघ. तिसरी रेघ महाबळेश्वरची. ती मारताच येत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे पाच मीटरहून उंच. शाळेचा पत्राही खाली राहतो. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात आहे. ढग घाटावर रिकामे होतात आणि आपण डोंगराच्या पाठीमागे आहोत, हा परिसर अभ्यासाचा धडा त्या भिंतीपाशीच घ्या. पुस्तक नंतर उघडा.

चित्रालेखासाठी जून ते ऑक्टोबर असा लांब कागद फळ्याशेजारी लावा. एक थेंब म्हणजे किती मिलिमीटर, हे तुम्ही ठरवू नका. मुलं आधी एक थेंब म्हणजे एक मिलिमीटर धरतात. मग एखाद्या दिवशी 40 पडतात आणि कागद संपतो. तेव्हा वर्गात जी वादावादी होते तो प्रमाणाचा उत्तम तास असतो. शेवटी बहुधा पाचावर किंवा दहावर एकमत होतं, आणि अर्धा थेंब, पाव थेंब काढताना अपूर्णांकांचीही उजळणी होते. हाच कागद सहावीत गेल्यावर स्तंभालेखाला कामी येतो.

तारखेच्या खाली नक्षत्राचा रकाना ठेवाच. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. घरी आजी-आजोबा याच भाषेत पावसाबद्दल बोलतात. नक्षत्र कधी लागलं आणि वाहन कोणतं (पंचांगात नक्षत्राला दिलेला प्राणी, ज्यावरून पावसाचा अंदाज बांधतात), हे मुलं घरून विचारून येतात. त्या निमित्ताने आजोबांशी बोलणं होतं आणि आजोबाही शाळेच्या आकड्याची चौकशी करू लागतात. प्रत्येक नक्षत्राच्या पावसाची बेरीज करा. बेडूक वाहन असलेल्या नक्षत्रात खरंच जास्त पडला का, ते मुलांना आकड्यांवरून बघू द्या. तुम्ही निकाल देऊ नका, आजोबांना खोटंही ठरवू नका; दोन्ही गोष्टी शेजारी लिहून ठेवा. "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा" ही म्हण मुलं हसत म्हणतात. आमच्याकडे भात नाही, पण "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" ही म्हण ज्वारीवाल्या घरांतली आहे आणि तिचा अर्थ इथलं प्रत्येक मूल सांगतं.

ऑगस्टमध्ये लांबच्या वस्त्यांवरच्या मुलांना घरी बसवायला बाटल्या द्या. आमच्याकडे पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडतो. शाळेत 3 आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर 18 असं एकाच सकाळी निघतं. मग कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून आपल्या महसूल मंडळाचा आकडा मोबाइलवर काढून तिसरा रकाना भरा. तिन्ही वेगळे आले की मुलं विचारतात, खरा कोणता? तिन्ही खरे असू शकतात, कारण जागा तीन आहेत. मंडळाचं यंत्र एका ठिकाणी आहे आणि मंडळात कितीतरी गावं आहेत. मंडळात पाऊस दाखवला पण आमच्या शिवारात पडलाच नाही, हे वाक्य मुलांनी घरी ऐकलेलं असतं. शाळेची नोंद सरकारी कामाला चालत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. पण काय मोजतात, कुठे मोजतात आणि कशासाठी, हे समजलेलं मूल मोठेपणी पावसाच्या सरकारी कागदाकडे वेगळ्या नजरेने बघेल, याची मला खात्री आहे.

ऑक्टोबरात हस्त संपला की तक्ता उतरवा, एकूण बेरीज मुलांकडून दोन वेगवेगळ्या गटांत करून घ्या आणि वहीवर वर्ष घालून कपाटात ठेवा. नवीन पाचवी ती पहिल्याच आठवड्यात मागते. नरसाळं, पिचकारी आणि बाटल्या धुऊन आत घ्या, थंडी-उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर प्लॅस्टिक तडकतं. एप्रिल लागला की एक बाटली पुन्हा विटांमध्ये बसवा. वळीव कधीही येतो, आणि सुट्टीत माप घ्यायला शेजारच्या वस्तीवरची दोन मुलं आधीच ठरवून ठेवावी लागतात.