जागेला रुमाल टाका, पर्स नको

मी एसटीत कंडक्टर होतो. सातारा-स्वारगेट, सातारा-मुंबई अशा गाड्यांवर बरीच वर्षं काढली. डेपोत कॅश भरताना कमी आली तर पदरचे पैसे घालावे लागायचे, त्यामुळे गर्दीत पैसे सांभाळणं अंगवळणीच पडलं. आता रिटायर आहे. सुट्टीत मुलं, सुना, नातवंडं मिळून खोपोलीच्या इमॅजिकाला नाहीतर कुठल्यातरी वॉटर पार्कला जायचं ठरलं की सामानाचं खातं न विचारताच माझ्याकडे येतं. यंदा धाकट्या सुनेनं सांगितलं, "बाबा, तुम्ही दरवेळी बोलता ते एकदा लिहूनच काढा." म्हणून हे.

पहिली गोष्ट. पाकीटमार बसमध्ये सीटवर बसून पाकीट मारत नाही. तो दारात मारतो. एका हातात पिशवी, कडेवर पोर आणि नजर रिकाम्या सीटवर, अशा वेळी. पार्कातही चालत्या राइडवर कुणी तुमचा खिसा कापत नाही. तिथली दारं वेगळी आहेत: पार्किंग, कपडे बदलायची खोली, जेवणाचं टेबल, राइडबाहेरचा कट्टा आणि सगळ्यांचा मिळून काढायचा फोटो. एवढ्या ठिकाणी शुद्धीवर राहिलात तर बाकी दिवस खुशाल ओरडत फिरा.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे. दहा-बारा माणसं निघाली की "पर्स कुठाय?" या प्रश्नाला "तुझ्याकडे नव्हती का?" हेच उत्तर मिळतं. चोराला याहून जास्त काही लागत नाही. आमच्याकडे नियम आहे, एका नगाला एकच धनी. निघताना नग मोजायचे आणि कुठला कोणाचा ते मोठ्यानं बोलायचं. मधे कुणाला बाथरूमला जायचं असेल तर बॅग नुसती शेजारी ठेवून उठायचं नाही. "दिली" म्हणायचं, समोरच्यानं "घेतली" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नाही. सुरुवातीला पोरं हसायची, आता तीच आम्हाला टोकतात.

घरातून निघण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ सोन्यावर घालवा. एसटी स्टँडवर बसमध्ये चढताना मंगळसूत्र गेल्याच्या तक्रारी मी नोकरीभर पाहिल्या. वॉटर पार्कात तर चोराचीही गरज नाही. वेव्ह पूलमध्ये साखळीची कडी उघडली की विषय संपला. शिवाय अनेक स्लाइडवर वर पोहोचल्यावर तिथला माणूस गळ्यातलं, हातातलं काढायला सांगतो. मागे रांग लागलेली, अंग ओलं, खिसा नाही. अशा वेळी बाई मंगळसूत्र काढून ठेवणार कुठे? ज्यांना गळा मोकळा ठेवायला आवडत नाही त्यांच्यासाठी आमच्या हिनं तोडगा काढला आहे. सहलीपुरती काळ्या मण्यांची साधी पोत, खोट्या वाट्यांची. हरवली तर दुसरी घेता येते. कानातलं, अंगठ्या, नातवाच्या गळ्यातला ताईत, सगळं घरी. बाहेरगावच्या हॉटेलात सोनं ठेवून पार्कात जाण्यापेक्षा ते मुळात न्यायचंच नाही हे बरं.

आधार, पॅन, लायसन्स यांचे मूळ कागद नेऊ नका. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी रस्त्यावर चालतं. पार्कची तिकिटं दोघांच्या फोनवर ठेवा आणि एक प्रिंट काढून बॅगेत टाका. एटीएम कार्ड एकच न्या.

फोनचं मात्र नीट बसून करा, घरी, आदल्या दिवशी. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो घरातल्या प्रत्येक फोनचा एका कागदावर लिहून कागद घरीच ठेवा. मग सिमला पिन लावा. स्क्रीनला कुलूप लावलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. चोर सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. सिमला पिन असेल तर तिथं अडतो. सेटिंगमध्ये जाऊन लावता येतो. कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या आणि अंदाजानं आकडे मारत बसू नका. तीनदा चुकला की सिम बंद पडतं, मग ते उघडायला कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो. कुलूप लागलेल्या स्क्रीनवर मेसेजमधला मजकूर दिसणार नाही असंही करून ठेवा.

रोख पैसे थोडे लागतातच. गर्दीच्या दिवशी नेटवर्क रडतं आणि यूपीआय नुसतं गोल गोल फिरत राहतं. आमची कंडक्टरची पद्धत सांगतो. सुट्टे समोर, मोठ्या नोटा आत. वरच्या खिशात चहा-पाण्यापुरते पैसे, बाकीचे चोरखिशात. तयार कपड्यांना हल्ली चोरखिसा नसतो, पण कुठलाही शिंपी पँटच्या आत कमरेशी शिवून देतो. चोरखिसा भर गर्दीत उघडायचा नाही. लागतील तसे पैसे बाथरूममध्ये जाऊन वरच्या खिशात काढायचे.

रस्त्यात

पुण्या-साताऱ्याकडून जाणारी बरीच कुटुंबं जाता-येता महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेतात, कुणी पुढे पालीला बल्लाळेश्वरालाही जातात. म्हणजे गाडीत कपड्यांच्या बॅगा, प्रसाद, कुणाचा लॅपटॉप, सगळं असतं, आणि गाडी दोन-तीन ठिकाणी उभी राहते. डिकीत काय टाकायचं ते निघतानाच टाका. पार्किंगमध्ये येऊन, सगळ्यांदेखत बॅगा सीटवरून उचलून डिकीत ठेवणं म्हणजे माल कुठे आहे ते दाखवून देणं. सीटवर काही दिसता कामा नये. चार्जरची वायरसुद्धा काढून ठेवा, वायर दिसली की फोन असेल असं वाटतं.

ट्रॅव्हलर भाड्यानं केली असेल तर ड्रायव्हरच्या जेवणाचं आधी बघा. तुम्ही आत दिवसभर, तो बाहेर उन्हात. काचा खाली करून झोपला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला जेवायला पैसे द्या, गाडी सोडून जाताना कुलूप लावायला सांगा आणि मौल्यवान असं काही त्याच्या भरवशावर ठेवूच नका. त्याच्यावरही उगाच संशय नको.

पार्कात

लॉकर घ्या. तिकिटाला एवढे पैसे घालतो आणि लॉकरच्या भाड्याला का कू करतो, हे मला कधी कळलं नाही. बारा माणसांत एक मोठा लॉकर घेतला तर किल्ली दिवसभर या हातातून त्या हातात फिरते आणि ज्याला त्याला लॉकर उघडायचा असतो. त्यापेक्षा दोन घ्या. एकात कपडे-टॉवेल, तो सारखा उघडला तरी चालेल. दुसऱ्यात फोन आणि पैसे, तो फक्त जेवणाच्या वेळी आणि निघताना उघडायचा. त्याची किल्ली एकाच्याच मनगटावर, आणि तो माणूस वेगवान स्लाइडवर जाणारा नको. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मसाल आणि एक-दोन-तीन-चार सोडून काहीही ठेवा. लांबून "बाबा, नंबर काय होता?" असं ओरडायचं नाही. बंद केल्यावर दार एकदा ओढून बघा.

काही पार्कांत मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरून देतात आणि उरलेले जाताना परत मिळतात. तो पट्टा म्हणजे रोकडच, पोरांच्या हातात मोठी रक्कम भरू नका.

टॉवेलखाली फोन लपवणं बंद करा. एका वॉटर पार्कात आमच्या शेजारच्या खुर्चीवर एका कुटुंबानं चार फोन टॉवेलखाली ठेवले, वर चष्मा ठेवला, आणि सगळे पाण्यात. टॉवेल नीट चौकोनी घडी करून ठेवला होता. ओल्या, चुरगळलेल्या टॉवेलांच्या रांगेत एकच कोरडी घडी, तीही चष्म्याचं वजन ठेवलेली! परत आले तेव्हा चष्मा होता, घडीही होती.

फोटोसाठी एक फोन पाण्यात न्यायचाच असेल तर वॉटरप्रूफ पाऊच आदल्या दिवशी तपासा. आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच फोन घाला. फोन एकच, बाकीचे लॉकरात.

कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर पँट टांगून शॉवरला जाणारे फार. पैसे आणि फोन आधी लॉकरात, मग कपडे बदलायचे. उलट क्रम नको.

आता रुमालाचं. आपण खिडकीतून रुमाल टाकून एसटीची सीट धरणारी माणसं. रुमाल गेला तर गेला. पण फूड कोर्टात त्याच सवयीनं टेबलावर पर्स ठेवतात, खुर्चीला बॅग अडकवतात आणि सगळे मिळून थाळीच्या रांगेत जातात. जागा धरायची तर रुमाल टाका, टोपी टाका, फारच झालं तर एका माणसाला बसवा. पर्स टाकू नका. मुलाच्या बाबागाडीच्या दांड्याला अडकवलेल्या पिशवीचंही तेच. राइडबाहेर गाडी उभी केली की पिशवी काढून घ्यायची.

आजी-आजोबांना हमाल करू नका, हे जरा स्वतःसाठीही बोलतो. आम्ही रोलर कोस्टरवर बसत नाही हे ठरलेलं, म्हणून सगळ्यांच्या पिशव्या आमच्या मांडीवर. दुपारचं जेवण झालेलं, सावली मिळालेली, डोळा लागणारच. म्हाताऱ्या माणसाकडे दोनच नग द्या. त्यानं पाठ भिंतीला लावून बसावं, बॅगेचा पट्टा हातात किंवा पायात अडकवावा. शेजारी येऊन कुणी फारच आपुलकीनं पत्ता विचारायला लागला, किंवा अंगावर काही सांडलं म्हणून पुसायला धावला, तर आधी पट्टा घट्ट धरायचा, मग उत्तर द्यायचं.

रांगेत पाठीवरची सॅक पोटावर घ्या. आणि पाटीचं एक गंमतशीर प्रकरण आहे. "खिसेकापूंपासून सावध" अशी पाटी दिसली किंवा कुणी ओरडलं की प्रत्येक जण आपला खिसा चाचपतो. जवळच उभ्या चोराला पैसे कुठे आहेत ते तेवढ्यात कळतं. बसमध्ये मी म्हणूनच "पाकीट सांभाळा" असं कधी ओरडलो नाही, "दारातून आत सरका" एवढंच म्हणायचो. इमॅजिकात अलिबाबाच्या चाळीस चोरांवर बंदुकीनं नेम धरायची एक राइड आहे. नातवानं विचारलं, आजोबा, एकेचाळिसावा कुठं असतो? म्हटलं, रांगेत.

ग्रुप फोटो काढताना सगळ्यांच्या बॅगा फोटो काढणाऱ्याच्या मागच्या कट्ट्यावर असतात आणि सगळं कुटुंब दात काढून समोर बघत असतं. बॅगा पायाशी, फोटोच्या मधोमध घ्या. फोटो वाईट येत नाही. फोन परक्याच्या हातात द्यायचाच तर पार्कच्या कर्मचाऱ्याकडे नाहीतर कडेवर पोर असलेल्या माणसाकडे द्या, पोर घेऊन कुणी पळत नाही. संध्याकाळच्या परेडला तीच काळजी, कारण सगळ्यांची नजर एकाच बाजूला असते.

चोरी झालीच तर

फोन दिसत नसेल तर आधी दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. हरवले-सापडलेच्या काउंटरवर जा, शेवटच्या राइडवर विचारा. चोरीला गेली म्हणतो त्यातल्या कितीतरी वस्तू कुठेतरी विसरलेल्या असतात. कॉल लागला नाही, काउंटरवर मिळाला नाही, तर शोधाशोधीत वेळ घालवू नका. ताबडतोब मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद, मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद. पैसे काढल्याचे मेसेज दिसले तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. हे काम एकानं करायचं, तोवर दुसऱ्यानं सुरक्षा कार्यालयात जाऊन वेळ आणि जागा लिहून अर्ज द्यायचा आणि कॅमेऱ्याचं त्या वेळेचं चित्रीकरण जपून ठेवा असं लेखी मागायचं. चित्रीकरण कायमचं राहत नाही, काही दिवसांनी त्यावर नवं चढतं.

पोलीस ठाण्यात "हरवला" असं लिहून घ्यायला सांगतील. चोरीची खात्री असेल तर चोरीच लिहा. हरवल्याची नोंद वेगळी आणि गुन्हा वेगळा. रात्र झाली, पोरं पेंगुळली, म्हणून तिथं जमलं नाही तर गावी आल्यावर आपल्या ठाण्यात जा. जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या. त्यावर एसएमएस सुरू व्हायला 24 तास लागू शकतात, घाबरू नका. ते सुरू झाले की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि घरी ठेवलेल्या कागदावरचा आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. मग तो फोन देशात कुठल्याच सिमवर चालत नाही. मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा. नशिबानं फोन परत मिळाला, तर त्याच आयडीनं तो अनब्लॉक करावा लागतो.